पोरगी पुढारी झाली म्हणून कोणाचं पोट दुखतंय?



गेल्या बैठकीत एक बोलणं निघालं आणि तिथंच दाबलं गेलं. दाबलं म्हणून संपलं नाही. बाजारात, विहिरीवर, जीपमध्ये अजून चालूच आहे. म्हणून आम्ही ते इथं उघड लिहितो. बोलणं असं आहे : "आपली पोरगी नांदेडला शिकायला धाडली. ती तिथं विद्यार्थी संघटनेची सचिव झाली. महिनाभर नांदेड, लातूर, किनवट करत फिरली. जी निवडणूक होतच नाही तिचा प्रचार करत होती म्हणे! एक पेपरबी बुडवला. हाती काय आलं? दसरा झाला की आणा घरी, सोयरीक बघा."

बोलणारे परके नाहीत. आमचेच काका-मामा आहेत, दोन जण तर वनहक्क समितीत आहेत. तर मग उत्तरही घरातल्यासारखंच देतो. राग आला तर येऊ द्या.

आधी निवडणुकीचं. होत नसलेल्या निवडणुकीचा प्रचार, हे ऐकायला हसू येतं, खरं आहे. पण ती होत कामून नाही, हे कोणी इचारलं का? १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेजच्या निवडणुकांत पैसा आणि गुंडगिरी शिरली असं कारण झालं आणि १९९४ च्या कायद्यानंतर पोरांचं थेट मतदानच गेलं. ज्याला मार्क जास्त तो वर्गाचा प्रतिनिधी. नांदेडचं आपलं विद्यापीठ त्याच १९९४ साली १७ सप्टेंबरला निघालं. नाव स्वामी रामानंद तीर्थांचं, ज्यांनी निजामाच्या राज्यात जबाबदार राज्यपद्धती मागून तुरुंग भोगला. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात पोरांना मत नाही! पुढं २०१६ चा नवा कायदा आला, त्यात थेट निवडणूक परत लिहिली. २०१९ ला निवडणूक घेतो म्हणून जाहीर केलं आणि विधानसभेची निवडणूक आली म्हणून पुढं ढकललं.

आता हे आपल्या भाषेत बघा. ग्रामसेवकानं घरी बसून वनहक्क समितीची नावं लिहिली आणि "हे हुशार आहेत म्हणून घेतले" असं म्हटलं, तर आपण चालवून घेऊ का? २००८ च्या सुमाराला कित्येक गावांत असंच झालं. ग्रामपंचायतीच्या गावात समिती झाली, गुड्यातल्या माणसाला पत्ताच नाही. त्याचे भोग आपण अजून भोगतोय. कायद्यात ग्रामसभा लिहिली आणि गावात घेतली नाही. कायद्यात मतदान लिहिलं आणि कॉलेजात घेतलं नाही. दुखणं एकच आहे. पोरगी नांदेडला जे मागते तेच आपण इथं मागतो.

त्या परिषदेत राखीव प्रतिनिधीची जागा एक, आणि तीही अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसींत पाळीपाळीनं फिरणार. म्हणजे आपली पाळी कधी येईल ते देव जाणे. ही जागा मिळाली की आपलं भलं होईल असा आमचा भाबडा समज नाही. तिचाही नाही. हे मोठ्या संघटनांच्या पोरांना सांगा, ज्यांचा महिना फ्लेक्सवर फोटो लावण्यात आणि साहेबांच्या गाडीमागं पळण्यात जातो. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, नांदेडच्या रॅलीत असले किती तरी जण पिवळा फेटा बांधून पुढं होते. १० तारखेला एक दिसला नाही. आमच्यातलेही काही त्यात होते, हे झाकून ठेवत नाही.

ती १० तारखेला कुठं होती ते सांगतो. एका वसतिगृहात, जिथं स्वयंपाकघर बंद पडलं होतं आणि खात्यावर यायचे पैसे आले नव्हते. जेवणाऐवजी खात्यात पैसे ही सरकारची २०१८ ची टूम. त्याच साली जुलैत आदिवासी पोरं ती रद्द करा म्हणून पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती, वाटेत पोलिसांनी अडवली. पैसे वेळेवर आले तर पोरगं जेवतं, नाही आले तर बाप इथं सावकाराकडं जातो. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत शेतकऱ्याकडं रोकड असती का हो? तिनं त्या पोरींच्या सह्या घेतल्या, अर्ज लिहिला, तीन वेळा चकरा मारल्या. चौथ्या वेळेला साहेब भेटले. पैसे अजून अर्धेच आलेत, पण आलेत.

मग लातूर. लातूरला जायचं तिच्या मनात नव्हतं, कारण तिथली आपली पोरं भेटायलाच तयार नव्हती. लातूर पॅटर्नचं गाव ते. एका खोलीत चौघं, भिंतीवर वेळापत्रक, सकाळी सहाला ट्यूशन. पोरं म्हणाली, "ताई, आम्हाला राजकारण नको. नीट काढायची आहे." तिनं भाषण दिलं नाही. एवढंच इचारलं, "नीट काढशील, एस.टी.च्या जागेवर नंबर लागेल. व्हॅलिडिटी आहे का?"

खोलीत शांतता.

इथं जरा थांबून लिहितो, कारण सगळी गोम इथं आहे. जात वैधता समिती जुना पुरावा मागते. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा कागद असला तर त्याचं वजन सगळ्यांत जास्त. आता १९५० च्या आधी आपण कुठं होतो? किनवट तालुका तेव्हा नांदेडात नव्हता. आदिलाबाद जिल्ह्यात होता, हैदराबाद संस्थानात. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट नांदेडला जोडलं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्याचा जो काही कागद आहे, शेतसाऱ्याची पावती म्हणा, शाळेचा दाखला म्हणा, तो निजामाच्या काळातला. आणि तो उर्दूत आहे.

घरोघरी ट्रंकेत असा एखादा कागद आहे. आजोबानं देवासारखा जपलेला. आपण तो उघडतो, उलटा का सुलटा ते कळत नाही, परत घडी घालून ठेवतो. एका गावात तर म्हातारीनं तो हळदी-कुंकू लावून देवाऱ्यात ठेवला होता.

नांदेडच्या सह्यांच्या मोहिमेत आपल्या सचिवाची एका मुसलमान मुलीशी ओळख झाली. उर्दू शाळेत शिकलेली, आता त्याच विद्यापीठाच्या एका कॉलेजात. निवडणुका घ्या या अर्जावर दोघींनी मिळून सह्या गोळा केल्या. एका दुपारी चहा पिताना आपल्या पोरीनं ओढणीत गुंडाळून आणलेला आपल्या आज्याचा कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं तो घडाघडा वाचला. गावाचं नाव, आज्याच्या बापाचं नाव, जात "गोंड", आणि भरलेला सारा. सत्तर-ऐंशी वर्षं मुका असलेला कागद बोलला. आम्ही लिहिणारे बारावी शिकलेले, पण आमच्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. आम्ही दरवेळी "पुरावा नाही" म्हणून कपाळावर हात मारत बसलो.

तो एक कागद दोन ठिकाणी चालतो. लातूरच्या पोराला व्हॅलिडिटीसाठी आणि त्याच्या बापाला वनपट्ट्यासाठी. हे तिनं लातूरच्या खोलीत सांगितलं. ज्या पोरांना राजकारण नको होतं त्यांनी त्याच रात्री घरी फोन लावले, "बा, ट्रंक उघड."

वनहक्काचं म्हणाल तर आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे. तांड्यातल्या आपल्या भावांना आणि इतरांना मात्र त्याच्याआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. त्यांना तर निजामाच्या कागदाची गरज आपल्याहून जास्त. म्हणून ही उर्दू वाचणारी पोरगी काही एकट्या गोंडाच्या कामाची नाही. तांड्यात निरोप द्या.

पोळ्याला ती गावी आली. लोक म्हणाले, सणाला तरी घरी बसली का? नाही बसली. सकाळी बैलं सजवली आणि दुपारी कोलामगुड्यावर गेली. तिथं ज्यांचे दावे फेटाळले त्यांना लेखी कारणच मिळालेलं नाही. एका कार्यालयात तिला सांगितलं, "यादी लावली होती, तुम्ही बघितली नाही." यादी लावून भागत नाही. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की दावा फेटाळला तर कारणासह लेखी कळवायचं, दावेदाराच्या हातात द्यायचं, आणि तिथून ६० दिवसांत अपील करता येतं. कागद हातात नाही तर दिवस मोजायचे कुठून? आणि "सॅटेलाइटच्या फोटोत शेत दिसत नाही" हे एकटं कारण चालत नाही. फोटो जोडीला चालतो, दुसऱ्या पुराव्याच्या जागी चालत नाही. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा कायद्यानं पुरावा आहे, फक्त तो स्वतः दावेदार नसावा. शेताचा बांध पुरावा आहे. फॉरेस्टवाल्यांनी फाडलेली दंडाची पावती पुरावा म्हणून जोडता येते. ज्यांनी आपल्याला चोर ठरवून पावती दिली, त्यांच्याच सहीनं आपण तिथं होतो हे ठरतं. फेकू नका त्या.

त्या दिवशी तिनं तीन म्हाताऱ्यांचे जबाब लिहिले. ते कोलामीत सांगत होते, नातू मराठीत करत होता, ती लिहीत होती. मोहाचं झाड कुठलं, मसणवटा कुठला, विहीर कोणी खोदली. अंधार पडला तेव्हा मोबाईलच्या उजेडात अंगठे घेतले. हा तिचा "भटकण्याचा" दिवस.

१३ फेब्रुवारी २०१९ विसरलात का? सुप्रीम कोर्टानं फेटाळलेल्या दावेदारांना जंगलातून काढा म्हटलं होतं. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. ज्यांचे जबाब लिहिले गेले नाहीत, ज्यांचं अपील झालं नाही, ते उद्या कोणाकडं पाहणार? त्या साहेबाकडं, ज्यानं यादी लावली होती?

आता पेपरचं. ती एका अंतर्गत परीक्षेला बसली नाही. हे खरं आहे, आणि यात चूक तिची कमी, आमची जास्त. आम्ही एका पोरीवर नांदेड टाकलं, लातूर टाकलं, किनवट टाकलं. संघटनेत पोरं नाहीत का? आहेत. व्यासपीठावर खुर्ची मांडायला आहेत, माईक धरायला आहेत. रात्री अडीचला बसस्टँडवर बसायला तेवढी ती. पोरगा फिरला तर "पोरगं कामाला लागलं", पोरगी फिरली तर "हाताबाहेर गेली". हे बोलणं आपलं नाही. आपल्या समाजात बायका बैठकीत बसायच्या, बोलायच्या. हे आपण शहराकडून उसनं आणलं आणि वर त्याला रीत म्हणतो.

आणि शिकणाऱ्यांनी मोर्च्यात पडू नये म्हणणाऱ्यांना एक आठवण. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला. वनजमिनीचे पट्टे ही त्यातली मोठी मागणी, आणि चालणाऱ्यांत आदिवासीच जास्त. मुंबईत शिरताना ते रात्रीचे चालले, दिवसा दहावीच्या पोरांच्या पेपरला अडचण नको म्हणून. फोड आलेल्या पायांनी! ज्या बाप-आयांनी पोरांच्या पेपरसाठी झोप सोडली, त्यांच्या जमिनीसाठी पोरांनी काही करायचंच नाही?

आमचं म्हणणं तिच्या बापापुढं ठेवलंय. तो ऐकून घेतो, बोलत नाही. तिचं ठरलंय, शिक्षण पुरं करणार आणि सचिवपद सोडणार नाही. तिची परीक्षा परत होईल त्या आठवड्यात एकही बैठक लावायची नाही, हे आम्ही लिहून ठेवलंय. दर गावातून एक पोरगा आणि एक पोरगी संघटनेला द्या. लिहिता येणारे द्या, माईक धरणारे पुरे झालेत.

येत्या रविवारी ती उर्दू वाचणारी मुलगी आपल्या सचिवासोबत गुड्यावर येतेय. ट्रंकेतला कागद आणा. फाटला असला तरी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. मूळ कागद कोणाच्या हातात सोडू नका, तिच्यासुद्धा नाही, समोर धरा, ती वाचेल. दोघी नांदेडहून आदिलाबादच्या गाडीनं किनवटला उतरतील. स्टेशनवरून आणायला दोन मोटारसायकली लागतील, पेट्रोलचं आम्ही बघतो.