हौसेची मोटारसायकल आणि तिचा जमाखर्च

जुन्या घराच्या अंगणात किंवा सदनिकेच्या वाहनतळावर कधीकधी एक परिचित दृश्य दिसते. इंजिन पोत्यावर उतरवलेले, टाकी रंगाऱ्याकडे गेलेली, नट-बोल्ट रिकाम्या डब्यांत वाटून ठेवलेले आणि पाना हाती घेऊन उकिडवा बसलेला कोणी नोकरदार तरुण. शोरूममधील नवी गाडी परवडत नाही म्हणून नव्हे, तर आपल्या हातून घडलेली एक तरी गाडी असावी म्हणून हा खटाटोप चाललेला असतो. या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. दोष असलाच तर तो अंदाजपत्रकात असतो; कारण ते बहुधा चुकीच्या टोकाकडून मांडलेले असते.

या छंदाला लागणारी सामग्री आपल्या देशात विपुल आहे. १९५५ पासून मद्रासशी नाते जडलेली बुलेट, १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागलेली जावा व पुढे तिचीच यज्दी, १९८५ मध्ये आलेली यामाहाची ९८ सीसीची आरएक्स १०० या साऱ्यांची रचना सुटसुटीत आहे. कार्ब्युरेटर, ड्रम ब्रेक आणि मोजक्या तारा. घरातल्या पान्यांनी खोलाव्यात आणि पुन्हा जोडाव्यात अशा या गाड्या. सुट्या भागांसाठी दिल्लीचे करोलबाग आणि चेन्नईचे पुदुपेट प्रसिद्धच आहे. मात्र बिलाशिवाय मिळालेला स्वस्त भाग कोणाच्या गाडीचा, हा प्रश्न विचारलेला बरा. मेरठच्या सोतीगंजची जुन्या भागांची बाजारपेठ चोरीच्या वाहनांमुळेच बदनाम झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी ती बंद पाडली.

पहिला पैसा टाकीच्या रंगावर, हँडलवर आणि सायलेन्सरवर जातो, कारण ते डोळ्यांना दिसते. वास्तविक तो ब्रेक-लायनर, टायर, चाकांचे बेअरिंग आणि वायरिंग यांवर जावयास हवा. इंजिनाची गोष्ट तर खरेदीपूर्वीच पाहावयाची असते. झिजलेल्या सिलिंडरला बोअर करून त्यात किंचित मोठा पिस्टन बसवितात. हे मोठेपण साधारणतः पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढत जाते आणि त्यालाही मर्यादा आहे. शेवटच्या मापाचा पिस्टन आधीच बसलेला असेल, तर पुढच्या खेपेस नवा स्लीव्ह किंवा सिलिंडरच घ्यावा लागतो. आतला पिस्टन कितव्या मापाचा, एवढा एक प्रश्न विचारल्याने स्वस्त वाटणारी गाडी पुष्कळदा महाग ठरते!

यापुढचा खर्च अंदाजपत्रकात कोणीच धरीत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेले भाग बसवून बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. रंग बदलला तरी नोंदणीपुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागते. सीट आखूड करण्यासाठी मागील चौकट कापणारा तरुण केवळ गाडीचे बळ कमी करीत नाही. न कळविलेल्या बदलामुळे विमा कंपनीला नुकसानभरपाई नाकारण्याचे निमित्तही देतो. म्हणून चौकट, इंजिन आणि मूळ रूप राखून गाडी पुन्हा उभी करणे हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो. तो कमी रोमांचक वाटेल, पण हातांना काम त्यातही तेवढेच आहे.

बँकेच्या खिडकीवर या छंदाची आणखी एक बाजू दिसते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणी कर्ज काढून मोटारसायकल घेतली, हप्ते फेडले, पण नोंदणीपुस्तिकेवरील तारणाची नोंद काढून घेतली नाही. गाडी दोन-तीन हातांतून फिरून हौशी तरुणाकडे येते आणि नाव बदलण्याच्या वेळी आरटीओ बँकेची संमती मागते. मूळ कर्जदार सापडत नाही, शाखा स्थलांतरित झालेली असते, खाते संगणकपूर्व काळातल्या खतावणीत असते. शाखेतील कर्मचाऱ्यांनी अशा अर्जाकडे कटकट म्हणून पाहू नये; ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ मिळेपर्यंत त्या तरुणाची सारी गुंतवणूक दुसऱ्याच्याच नावावर उभी असते.

या कामासाठी वैयक्तिक कर्ज घेणे मात्र इष्ट नव्हे. घरी जोडलेल्या गाडीत ओतलेले श्रम कोणताही मूल्यांकनकार मोजत नाही आणि अर्धवट राहिलेल्या गाडीचा हप्ताही पूर्णच भरावा लागतो. दरमहा आवर्ती ठेवीत थोडी रक्कम टाकावी आणि ती पुरेल तेवढेच काम काढावे. या महिन्यात ब्रेक, पुढच्या तिमाहीत बोअरिंग. टाकी वर्षभर गंजलेली दिसली तरी चालेल. पण ही टाकी उतरविण्याच्याही आधी, चासीवरचा क्रमांक घासून स्वच्छ करावा आणि पुस्तिकेतील क्रमांकाशी एकेक अंक ताडून पाहावा.