आधी गुरुजींनी लिहावे

'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध मुलांना घालणाऱ्या शिक्षकांनी स्वतः शेवटचे कधी लिहिले असेल? हजेरीपट आणि निवडणुकीच्या याद्या सोडून! अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी १९७४ मध्ये 'बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट' सुरू केला, तो या दुखण्यावर बोट ठेवूनच. या प्रकल्पाच्या उन्हाळी वर्गात बाहेरचा तज्ज्ञ प्रवचन झोडत नाही. वर्गात जमलेली युक्ती शिक्षकच शिक्षकांना करून दाखवतो. मग छोट्या गटात स्वतःचा कच्चा मजकूर वाचतो आणि सहकाऱ्यांचे शेरे निमूट ऐकतो. लाल शाई आपल्या वहीवर उतरली की काय वाटते, हे तिथेच कळते. पुढे या उपक्रमाचे देशभर जाळे झाले आणि अनेक केंद्रांनी मुलांसाठीही उन्हाळी लेखन शिबिरे सुरू केली. २०११ मध्ये तिथल्या केंद्र सरकारचे थेट अनुदान बंद झाले, तरी काम थांबले नाही.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे सही, चहा आणि स्लाइड. येत्या मे महिन्यात एखाद्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने वीस इच्छुक शिक्षक निवडून असा वर्ग भरवावा. सक्ती मात्र नको. आदेश काढून लिहवून घेतलेले पुन्हा अहवालच होतील.