पाण्याच्या प्रश्नाची आकृती

विहिरी आटण्याचा विषय संघाच्या कोणत्याही सभेत निघाला म्हणजे प्रश्न सुटण्याऐवजी सभाच मोडते, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस असेल. एक म्हणतो, पाऊसमान घटले. दुसरा म्हणतो, वरच्या अंगाच्या बोअरांनी आमचे पाणी ओढून नेले. तिसऱ्यास पाझर तलावातील गाळ दिसतो, तर चौथ्यास रात्रीअपरात्री येणारी वीज. यांपैकी कोणाचेही म्हणणे सर्वस्वी खोटे नसते, आणि खरी अडचण तीच आहे. नुसते तोंडाने बोललेले हवेत विरते. दुसरा बोलावयास उठला की पहिल्याचे म्हणणे मागे पडते, आणि अखेरीस ज्याचा आवाज मोठा त्याचे कारण खरे ठरते. अशा गुंतागुंतीच्या प्रश्नास हात घालावयाचा तर त्याचे भाग निरनिराळे करून ते सर्वांच्या डोळ्यांपुढे एकाच पटावर मांडले पाहिजेत, असे आमचे मत झाले आहे. ते कशाने झाले हे येथे सांगावयाचे आहे. आणि त्या ओघात आमची स्वतःची एक चूकही कबूल करावयाची आहे.

ही रीत आजची नव्हे. १८५४ साली लंडन शहराच्या सोहो भागात पटकीची साथ आली. रोग वाईट हवेने होतो, असे त्या काळी बहुतेक वैद्य मानीत. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरांच्या जागी नकाशावर काळ्या रेघा मांडल्या, तेव्हा त्या रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती झालेली दिसली. आपल्या देशात १९८८ च्या सुमारास गुजरात व कर्नाटक येथील खेड्यांत काम करणाऱ्या संस्थांनी गावकऱ्यांच्याच हातांनी जमिनीवर गावाची चित्रे काढविण्यास आरंभ केला, व रॉबर्ट चेंबर्स यांनी त्या पद्धतीचा पुढे पुष्कळ प्रसार केला. पण पुस्तकात वाचलेले आणि आपल्या पायांखाली पाहिलेले यांत अंतर असते.

गेल्या चैत्रात अवर्षणाच्या पट्ट्यातील एका गावी आम्ही गेलो होतो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रथम तलाठ्याकडील नकाशा पसरून पाहिला, आणि त्याचा उपयोग नाही हे लगेच ध्यानात आले. त्यात गटांच्या हद्दी होत्या, रस्ते होते, ओढ्याची एक रेघही होती. परंतु जमीन कोणीकडे उतरते, खडक कोठे उघडा पडला आहे, विहीर केव्हा आटते, यांतील काहीच नव्हते. तो नकाशा सारावसुलीसाठी केलेला. पाण्यास गट नंबर ठाऊक नसतो. तेव्हा देवळापुढचे अंगण झाडून घेतले आणि गावकऱ्यांस रांगोळी दिली.

प्रथम डोंगराची धार व ओढा काढावयास सांगितले. त्यात एक घटका गेली, कारण ओढ्याचे वळण कोठे, यावरच दोघां वडीलधाऱ्यांत वाद झाला. मग प्रत्येकाने आपल्या विहिरीच्या जागी एक खडा ठेवला, बोअर असेल तेथे काडी रोवली, ऊस असेल तेथे उसाचे पान टाकले. त्यानंतर दिवाळीपासून विहीर जितके महिने पाणी देते तितके चिंचोके खड्याजवळ मांडावयास सांगितले. येथवर सारे हसतखेळत चालले होते. चिंचोके मांडून झाल्यावर मात्र अंगण शांत झाले.

समजूत अशी होती की, माथ्याकडील विहिरी आधी आटतात व ओढ्याकाठच्या मागून. चित्रात उलट निघाले. माथ्याजवळच्या चार खड्यांपाशी पाच-पाच चिंचोके होते. ओढ्यावरील सिमेंट बंधाऱ्याच्या खाली अकरा खडे होते आणि त्यांतील एकापाशीही दोहोंहून अधिक चिंचोका नव्हता. त्याच अकरा खड्यांच्या सभोवार काड्यांचे जंगल आणि उसाची पाने. पाऊस काही गट पाहून पडत नाही. तो कमी झाला असता तर चिंचोके सगळीकडेच कमी व्हावयास हवे होते. पाऊसमानाचे कारण अशा रीतीने, कोणी खोडून न काढता, आपोआप बाजूला पडले.

उरला बंधारा. तो तर मार्गशीर्षापर्यंत भरलेला असतो. मग त्याच्याच खालच्या विहिरी आधी का आटाव्यात? तेव्हा विहिरी खोदण्याचे काम करणारे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, की बंधाऱ्याचा पाया खणताना काळा फत्तर लागला होता, सुरुंग लावल्यावाचून तो हटेना. दख्खनच्या शेतकऱ्यास याचा अर्थ सांगावयास नको. मुरूम व मांजऱ्या खडक पाणी पितो. सलग काळा फत्तर पीत नाही. बंधाऱ्यात पाणी दिसत होते ते जमिनीत जात नव्हते म्हणूनच दिसत होते! पाझरासाठी बांधलेल्या बंधाऱ्यात पाणी फार दिवस उभे राहिले तर त्याचे कौतुक न करता चिंता केली पाहिजे.

यानंतर एका तरुणाने रांगोळीने बाण काढले, ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. बंधाऱ्यापासून एक बाण उसाच्या पानांकडे: भरलेला बंधारा पाहून लोकांनी ऊस लावला. पानांपासून दुसरा काड्यांकडे: उसासाठी बोअर घेतले. काड्यांपासून तिसरा अकरा खड्यांकडे. ज्या कामास आम्ही उपाय समजत होतो ते दुःखाच्या मुळाशी निघाले. तो बंधारा पूर्ण झाला त्या वर्षी त्याची स्तुती आम्ही याच मासिकात केली होती. पाणी साठलेले पाहिले आणि लेख लिहिला. पायाखाली काय आहे हे विचारले नाही. वाचकांनी त्या लेखावर विसंबून आपल्या गावी तसेच काम केले असल्यास त्याचा दोष आमच्याकडे येतो.

तथापि, आकृती म्हणजे पुरावा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. बाण काढणे फार सोपे असते, आणि रेखीव चित्राची भूल पडते. म्हणून भागांची फोड झाल्यावर प्रत्येक भाग मापून पाहावा. एक हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी झाले. ८०० हेक्टरांच्या गावी ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर ते ४०० कोटी लिटर. काळ्या खडकाच्या प्रदेशात त्याचा दहावा हिस्सा भूमीत मुरतो असे ढोबळमानाने धरले तर विहिरींच्या वाट्यास ४० कोटी येतात. उसास वर्षाकाठी सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते. पडलेला सारा पाऊस त्याच्याच कामी आला असे उदारपणे मानले तरी हेक्टरी दीड कोटी लिटर उपशाने द्यावे लागते. म्हणजे सव्वीस-सत्तावीस हेक्टर उसात साऱ्या गावचे भूजल संपते. गुराढोरांस, माणसांस व रब्बी ज्वारीस थेंब उरत नाही. हा हिशेब त्याच अंगणात, चित्राच्या कडेला मांडला गेला. त्या वेळी उसाच्या पानांचे धनी असलेले तिघे-चौघे काम निघाल्याचे सांगून उठून गेले. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. ऊस हे हमखास पैशाचे पीक आहे, आणि कर्ज डोक्यावर असलेल्या माणसास चित्रातील बाण दाखवून त्याचे हप्ते फिटत नाहीत. चित्राच्या त्या कोपऱ्यात कर्जाचा एक खडा ठेवावयास हवा होता. तो आमच्याकडून राहिला.

आणखीही एक राहिले होते. दुपारी पाण्याहून परतणाऱ्या बायका अंगणाच्या कडेस थांबल्या. त्यांतील एकीने विचारले, "आमचा झरा कुठं हाय यात?" पुरुषांपैकी कोणीही तो काढला नव्हता, कारण त्यावर कोणाचा मळा भिजत नाही. माथ्याजवळच्या त्या झऱ्याची जागा दाखविताच तेथील चार विहिरी टिकण्याचे कारण उलगडले: तेथे मांजऱ्या खडकाचा थर उघडा आहे व पावसाचे पाणी तेथूनच आत शिरते. नवे काम करावयाचे तर ते तेथे, ओढ्यात नव्हे. सकाळी त्या बायकांस बोलाविले असते तर अर्धा दिवस वाचला असता.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून मग पिके ठरविते, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास तेथे मनाई आहे. तेथील यशाचे श्रेय लोक पुढाऱ्यास देतात, व ते रास्तच आहे. परंतु आकडे सर्वांपुढे उघडे मांडले जातात ही गोष्टही तितकीच महत्त्वाची होय, असे आम्हांस वाटते.

संघाच्या कार्यकारी मंडळास आमची सूचना अशी, की यापुढे पाणलोटाच्या कोणत्याही कामाची शिफारस मागण्यापूर्वी त्या गावाने असे चित्र काढून त्याची कागदावरील नक्कल अर्जासोबत जोडावी. तीत विहिरी, बोअर, पिके, खडक व झरे तर असावेतच, पण पीककर्जाचाही उल्लेख असावा. चित्र काढताना भूमिहीन, मेंढपाळ व पाणी भरणाऱ्या बाया हजर होत्या की नाही हेही लिहावे. खर्च म्हणाल तर दोन शेर रांगोळीचा.

वर सांगितलेल्या गावी मृगाच्या पहिल्या सरीने अंगणातील चित्र धुऊन गेले. त्या तरुणाने ते आधीच पुठ्ठ्यावर उतरवून सोसायटीच्या भिंतीस लावले आहे. उसाच्या पानांचा निकाल अजून लागलेला नाही. तो दिवाळीनंतरच्या ग्रामसभेपुढे आहे.