डाग ओळखता येत नसेल तर मशीन खाली ठेवा

गेल्या महिन्यात एक बाई पांढरी हॅचबॅक घेऊन माझ्या शेडमध्ये आल्या. शाळेत शिकवतात. गाडी दिवसभर रेल्वे स्टेशनच्या भिंतीलगत उभी असते. बोनेटवर आणि टपावर नारिंगी ठिपके, मोहरीहून बारीक, शेकड्यांनी. हातात एका सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट: पत्रा आतून गंजलाय, फुल बॉडी पेंट करावा लागेल. मी बोनेटच्या एका कोपऱ्यावर आयर्न रिमूव्हर फवारला. दोन-तीन मिनिटांत एकेका ठिपक्यातून जांभळे ओघळ निघाले. पत्रा ठणठणीत होता. रुळांवर आणि ब्रेकवर घासून उडणारी लोखंडाची भुकटी रंगात रुतून तिथे गंजली होती, एवढंच. रसायन वाळू न देता धुऊन टाकलं, उरलंसुरलं क्ले बारने उचललं आणि दुपारच्या चहाआधी गाडी मोकळी केली. ते एस्टिमेट लिहिणाऱ्याला एक तर रंगातलं काही कळत नाही, किंवा कळूनसवरून तो एका शिक्षिकेला लुबाडायला निघाला होता. तिसरी शक्यता मला दिसत नाही.

आणि हा एकटाच नाही. डाग कसलाही असो, आपल्या धंद्यात औषध एकच, रबिंग कंपाउंड. बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल पडलेत? घासा. आंब्याचा चीक, डांबर, पाखरांची घाण? घासा. ताप कशाचा हे न बघता प्रत्येकाला सलाइन लावणारा डॉक्टर आणि हा माणूस यांच्यात मला काही फरक वाटत नाही.

ही सवय कुठून आली तेही सांगतो. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात वरच्या थरातच रंग असायचा. उन्हाने तो थर मेला की कंपाउंडने घासायचा, खालून ताजा रंग वर यायचा. जुने उस्ताद तसं करायचे आणि त्या गाड्यांसाठी ते बरोबरच होतं. आता बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक क्लिअर असतं. कारखान्यातून येणारा सगळा रंग, प्रायमर धरून, साधारण 100 ते 140 मायक्रॉन. त्यात क्लिअर 40 च्या आसपास. डोक्यावरचा केस बहुधा याहून जाड भरतो. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यं त्या क्लिअरमध्ये असतात. जड कंपाउंड मारलं की दर खेपेला त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात, आणि शिकाऊ पोराने बोनेटच्या कडेवर मशीन दाबलं तर एका फेरीत खालचा रंग उघडा पडतो. जाडी मोजायचं यंत्र काही हजारांत मिळतं. किती दुकानांत ते दिसतं, तुम्हीच बघा.

बोअरच्या पाण्याबद्दल मला जास्त राग आहे, कारण ते नुकसान रोज सकाळी आपल्याच सोसायटीत होतं. बादलीभर जड पाणी, एकच मळका फडका, आणि धुतलेली गाडी उन्हात वाळायला सोडलेली. पाणी उडतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. डाग ताजा असेल तर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच साधं पाणी एकत्र करा. त्यात मऊ कापड भिजवून सावलीत, गार पत्र्यावर दोन मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. गोल गेला, तर क्षार फक्त वर बसले होते. गेला नाही आणि तिरप्या उजेडात तिथे खळगा दिसला, तर क्षारांनी क्लिअर खाल्लंय. तिथे मशीन चालवावं लागतं, पण तेवढ्याच जागेपुरतं. नखाला खळगा लागत असेल, तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं. संडास धुवायचं ॲसिड वापरणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. तसे दोन काळे दरवाजे मी पाहिलेत, धुरकटलेले, पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नसलेले.

जांभळाच्या दिवसांत पाखरांची विष्ठा जांभळी पडते. लोक ती कोरडीच खरवडतात. तिच्यात आम्ल असतं आणि बियांची कचही असते, म्हणजे एकाच हाताने गाडी जाळायची आणि ओरखडायची. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवा, मऊ पडली की उचलून घ्या.

आता टपावरचे आणि बोनेटवरचे पांढरट चट्टे, ज्यांच्या कडा सोलवटल्यासारख्या उचललेल्या असतात. तो डाग नव्हेच. तिथे क्लिअर मेलेलं आहे. जगातलं कुठलंही पॉलिश ते परत आणत नाही. तो भाग घासून नव्याने रंगवायचा, दुसरा उपाय नाही. तरी अशा पत्र्यावर पॉलिश मारून, वर सिरॅमिक कोटिंगचे पैसे घेऊन गाड्या परत दिल्या जातात. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या माझ्याकडे येतात. हा गुन्हा आहे, आणि मी त्याला धंद्यातली चलाखी म्हणणार नाही.

नुसती फिकट, खडूसारखी झालेली गाडी वेगळी. तिथे हात लावण्याआधी आडोशाच्या जागी फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासून बघावं. पांढऱ्या गाडीला काळं फडकं घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही. फडक्याला गाडीचा रंग लागला तर एक तर रंग जुन्या पद्धतीचा, एकाच थराचा आहे, नाहीतर क्लिअर संपलंय. एवढी तपासणी करायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही याची मला लाज वाटते.

म्हणून गाडीवाल्यांनाच सांगतो. कुणी तुमच्या बोनेटवर मशीन टेकवायला निघाला तर त्याला विचारा, हा डाग कशाचा आहे? आधी वीतभर जागेवर, सगळ्यात सौम्य उपाय करून दाखव म्हणा. उत्तर आलं नाही, तर किल्ली मागून घ्या आणि गाडी घरी आणा.