झोपलेल्या यंत्राचा जागल्या

4 सप्टेंबर 2023 रोजी चांद्रयान-3 चा विक्रम लँडर निद्रावस्थेत गेला. प्रज्ञान रोव्हर त्याच्या दोन दिवस आधीच झोपला होता. त्याची बॅटरी पूर्ण भरलेली होती आणि सौरपट्टी 22 सप्टेंबरच्या अपेक्षित सूर्योदयाच्या दिशेने वळवलेली होती. दोघांचीही वैज्ञानिक उपकरणे बंद करण्यात आली, पण रिसीव्हर चालू ठेवले गेले. पुढे सूर्य उगवला, इस्रोने साद घातली, उत्तर आले नाही. एका चांद्रदिवसासाठी घडवलेल्या यंत्रांना उणे 200 अंशांच्या आसपासची ती दीर्घ रात्र सोसली नाही. मोहिमेची उद्दिष्टे तोवर पूर्ण झाली होती, त्यामुळे याला अपयश म्हणता येणार नाही. मात्र सगळे झोपवताना जागे कोणाला ठेवायचे, हा तिथला प्रश्न बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रापुढे असतो. आपल्याकडील विद्यार्थी-प्रकल्पांत तो बहुधा विचारलाच जात नाही.

वॉचडॉग टायमर हा मायक्रोकंट्रोलरमधला स्वतंत्र गणक. प्रोग्रामने ठरावीक मुदतीत त्याला आपण शुद्धीवर असल्याची खूण द्यायची. मुदत टळली, की तो चिप रीसेट करतो. आपल्या जुन्या शब्दात सांगायचे तर हा यंत्राचा जागल्या. अडचण अशी की झोपलेला प्रोग्राम खूण देऊ शकत नाही आणि मग जागल्या धडधाकट यंत्रालाही हलवून उठवतो. यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे झोपण्यापूर्वी वॉचडॉग बंद करणे. माझ्या मते ही चूक आहे. गाव झोपते तेव्हाच तर जागल्याची गरज असते.

झोपी जाणे आणि जागे होणे हेच यंत्राच्या आयुष्यातले सर्वांत नाजूक क्षण. घड्याळे थांबतात, पुन्हा सुरू होतात. विजेचा दाब हलतो. उठवणारा गजर त्याआधी अचूक लावलेला असावा लागतो. तो लावायचा राहिला, तर कुंभकर्णालाही सहा महिन्यांनी जाग येत असे, या यंत्राला कधीच येणार नाही.

बॅटरी वाचते, हा वॉचडॉग बंद करण्यामागचा युक्तिवाद. हिशेब करून पाहू. आर्डुइनो उनोमुळे घराघरांत पोहोचलेल्या एटीमेगा328पी चिपचे डेटाशीट सांगते, की 3 व्होल्टवर गाढ झोपेत वॉचडॉगसह साधारण 4.2 मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो आणि त्याच्याविना 0.1. वर्षाचे 8,760 तास धरले, तर जागल्याचा वार्षिक खर्च सुमारे 36 मिलीअँपिअर-तास. एका साध्या एए सेलची क्षमता 2,000 च्या पुढे असते. म्हणजे वर्षाला दोन टक्क्यांहूनही कमी. एवढ्यासाठी राखण सोडून द्यावी का?

याच चिपमध्ये वॉचडॉगला 128 किलोहर्ट्झचा स्वतःचा आंदोलक आहे, म्हणून मुख्य घड्याळ थांबले तरी तो चालतो. त्याची कमाल मुदत 8 सेकंदांची. पंधरा मिनिटे झोपायचे असेल, तर 113 छोट्या डुलक्या घ्याव्या लागतील. त्यासाठी इंटरप्ट आणि रीसेट ही जोड-पद्धत निवडावी. पहिली मुदत संपली की इंटरप्ट येऊन यंत्र जागे होते. प्रोग्रामने इंटरप्टची सोय पुन्हा चालू केली नाही, तर पुढच्या मुदतीला थेट रीसेट. एकच गणक गजरही होतो आणि राखणदारही.

इतर चिपांत हा निर्णय आपल्यावर सोपवलेला असतो. एनआरएफ52 मध्ये प्रोसेसर झोपेत असताना वॉचडॉग चालावा की थांबावा, हे एक बिट ठरवते. मुदतही 36 तासांपर्यंत ताणता येते. एसटीएम32 मधला स्वतंत्र वॉचडॉग एकदा सुरू झाला, की रीसेटखेरीज थांबत नाही; काही मालिकांत मात्र झोपेपुरता तो गोठवता येतो. बाहेरचा स्वतंत्र टायमर यंत्राला उठवणार असेल, तर गोठवणे योग्यच, असे काही जाणकार म्हणतात. ते मला मान्य आहे. कारण तिथे राखण नाहीशी होत नाही, दुसऱ्याच्या हाती जाते.

दोन चुका मात्र टाळाव्यात. टायमरच्या इंटरप्टमधून खूण देऊ नये. मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि जागल्या फसतो. दुसरे, एटीमेगा328पी मध्ये वॉचडॉगने रीसेट केल्यावर तो सर्वांत लहान, सुमारे 16 मिलिसेकंदांच्या मुदतीवर चालूच राहतो. प्रोग्रामच्या आरंभीच रीसेटची खूण पुसून मुदत नव्याने लावली नाही, तर यंत्र रीसेटच्या फेऱ्यात सापडते.

चंद्राच्याच वाटेवर याची किंमत एकदा मोजली गेली आहे. अमेरिकेच्या क्लेमेंटाइन यानाने 1994 मध्ये चंद्राचे नकाशे तयार केले. पुढे जिओग्राफोस या लघुग्रहाकडे जायचे होते. 7 मे रोजी संगणक बिघडला, 11 मिनिटे थ्रस्टर चालू राहिले, इंधन संपले आणि लघुग्रहाची भेट रद्द झाली. प्रोसेसरमध्ये वॉचडॉग होता. तो वापरणारा प्रोग्राम लिहिलेला नव्हता.

आज आपल्या देशात अशी यंत्रे डोंगरांवर आणि नद्यांकाठी बसत आहेत. आयआयटी मंडीत विकसित झालेली कमी खर्चाची दरड-पूर्वसूचना यंत्रणा हिमाचल प्रदेशात उभी आहे. अशा ठिकाणी यंत्राचे मौन धोकादायक ठरते, कारण खाली राहणारी माणसे त्याचा अर्थ ‘सर्व काही ठीक आहे’ असा लावतात. रीसेटचे बटण दाबायला तिथे कोणी जाणार नसते.

म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. वॉचडॉगचा विचार शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहा : हे यंत्र झोपेल तेव्हा जागे कोण असेल? आणि प्रकल्प दाखवण्याआधी प्रोग्राम मुद्दाम अडकवून पाहा. यंत्र आपले आपण सावरले, तरच ते पूर्ण झाले असे समजा.