नळी मजबूत, माणूस ठिसूळ!

पावसात भिजली तरी बिघडत नाही, कड्यावरून पडली तरी फुटत नाही, चिखलात लोळली तरी पुसून घेतली की पुन्हा चालू होते, अशी एखादी वस्तू बाजारात आली, की डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्या तरुणाला तिचा मोह पडावा हे स्वाभाविकच आहे. बूट, पाठपिशवी, विजेरी, पाण्याची बाटली या साऱ्या वस्तू तो याच कसोटीवर घासून घेतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु हीच कसोटी आज एका निराळ्याच वस्तूला लावण्यात येत आहे. निकोटीनच्या द्रवाची वाफ करून ती ओढण्याची ही धातूची नळी. तिला म्हणतात 'मेकॅनिकल मॉड'. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतील कित्येक दुकानांत ती उघडपणे मिळते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे गेलेली आपली मुले ती पाहतात, हाताळतात, आणि 'रानावनात टिकेल अशी नळी कोणती?' हा प्रश्न मोठ्या गांभीर्याने एकमेकांस विचारतात. प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण त्याच्या पोटात दडलेला धोका क्षुल्लक नाही, म्हणूनच आज प्रथम पृष्ठावर आम्ही त्याला जागा देत आहो.

ही नळी आहे तरी काय? तांब्याची, पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची एक पोकळ कांडी. तिच्या पोटात लिथियमची एक बॅटरी, बहुधा १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. खाली अगर बाजूस एक कळ. माथ्यावर तारेचे बारीक वेटोळे आणि द्रवात भिजलेली कापसाची वात. कळ दाबली, की बॅटरीची वीज थेट वेटोळ्यात शिरते, तार तापते आणि द्रवाची वाफ होते. बस्स, एवढेच! सामान्य ई-सिगारेटमध्ये विजेवर देखरेख ठेवणारे एक छोटेसे सर्किट असते. प्रवाह बेसुमार वाढला, बॅटरी अतिरेकी उतरली, कोठे शॉर्टसर्किट झाले, तर ते सर्किट यंत्र बंद पाडते. मेकॅनिकल मॉडमध्ये हा पहारेकरीच नाही. पाण्याने बिघडावे असे सर्किट आत नाही, म्हणून ती पावसात चालते. धक्क्याने तुटावे असे सर्किट आत नाही, म्हणून ती पडली तरी चालते. तिच्या मजबुतीचे सारे रहस्य हे एवढेच आहे. प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून टाकावा, त्या जागी लोखंडी खिळा ठोकावा, आणि 'आता हा कुकर कधी गळणार नाही' म्हणून मिरवावे, त्यातलाच हा प्रकार!

हिशेब साधा आहे. शाळेत शिकलेला ओहमचा नियम त्याला पुरेसा आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब ४.२ व्होल्ट. वेटोळ्याचा रोध ०.२ ओहम असेल तर प्रवाह २१ अँपिअर होतो, आणि ०.१ ओहम असेल तर ४२ अँपिअर! आपल्या घरातील गिझरचा जाड प्लगदेखील १६ अँपिअरपुरताच बनविलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याची धास्ती वाटावयास लागते. हा भार बोटाएवढ्या बॅटरीवर पडतो. ती तो सोसू शकली नाही, तर आतून तापते, तिच्यातून ज्वालाग्राही वायू सुटतो, आणि त्या वायूला बाहेर पडावयास वाट नसेल तर बंद नळीचा बाँब होतो. येथे नळी जितकी भक्कम, तितका स्फोट भयंकर! ज्या मजबुतीसाठी तरुण तिची निवड करतो, तीच त्याच्या मुळावर येते.

ही कल्पनेची भीती नव्हे. २०१८ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, सेंट पीटर्सबर्ग येथे, अशाच जातीच्या नळीचा स्फोट होऊन ३८ वर्षांचा एक गृहस्थ दगावला. धातूचे तुकडे त्याच्या कवटीत शिरले होते. पुढे २०१९ च्या जानेवारीत टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे २४ वर्षांच्या एका तरुणाच्या तोंडाशीच नळी फुटली, मानेतील मुख्य रक्तवाहिनी तुटली, आणि दोन दिवसांनी त्याने प्राण सोडला. अशा घटना रोज घडत नाहीत, हे खरे. परंतु या दोघांपैकी एकही जण कड्यावर नव्हता. त्यांच्या हाकेच्या अंतरावर रस्ता होता, रुग्णवाहिका होती, रुग्णालय होते. हाच प्रसंग हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर, रात्री, वाळलेल्या गवताच्या रानात ओढवला तर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

ज्या देशांत ही वस्तू कायदेशीर आहे, तेथे राहणाऱ्या आपल्या मुलांना आमचे सांगणे स्पष्ट आहे. आधी सिगारेट ओढत नसाल तर या नळीच्या वाटेस जाऊच नका. सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेटचा आधार घेतलाच असेल, तर सर्किटचा पहारा असलेले साधे यंत्र घ्या. पावसाने ते बिघडले तर पैसे जातील, जीव जाणार नाही. आणि एवढे सांगूनही मेकॅनिकल नळीचाच हट्ट असेल, तर धातूची जाडी पाहण्याआधी इतर गोष्टी पाहा. वायू सुटावयास नळीला भोके आहेत काय? पिशवीत दाबली जाऊ नये म्हणून कळीला कुलूप आहे काय? बॅटरीवरचे आवरण अखंड आहे काय? ते फाटले की धातूला धातू भिडून शॉर्टसर्किट होण्यास विलंब लागत नाही. सुटी बॅटरी किल्ल्या व नाणी असलेल्या खिशात कदापि टाकू नका. उन्हात तापलेल्या बंद मोटारीत ती ठेवू नका. आवरणावर छापलेल्या अँपिअरच्या फुगीर आकड्यांवर विसंबू नका. वेटोळ्याचा रोध मोजल्यावाचून कळ दाबू नका. एवढी यादी ज्या खेळण्यासाठी पाठ करावी लागते, ते खेळणे विश्रांतीसाठी रानात न्यावे काय?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. ई-सिगारेट ही जळत्या तंबाखूपेक्षा पुष्कळ कमी अपायकारक आहे, असे इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ साली म्हटले होते. ते मत सिगारेटच्या जागी ती घेणाऱ्यांपुरते होते. निरोगी तरुणाने नवे व्यसन जोडावे, असा त्याचा अर्थ नव्हता. शिवाय 'कमी अपायकारक' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे.

मायदेशी परतणाऱ्यांना तर आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या वटहुकुमाने, आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने, भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री वा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. 'आमची नळी मेकॅनिकल आहे, इलेक्ट्रॉनिक नव्हे' ही पळवाट चालावयाची नाही. कोणत्याही नावाचे, कोणत्याही आकाराचे तत्सम साधन कायद्याच्या व्याख्येत घेतलेले आहे. सामानाच्या तळाशी लपवून आणलेली भेटवस्तू हीदेखील आयातच होय!

सरकारलाही दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. वाफेवर बंदी आणि धुराला परवाना, हा न्याय अजब आहे. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर सिगारेट राजरोस विकली जाते, आणि तिच्याहून कमी घातक म्हणून गाजलेली वस्तू चोरून विकली जाते. चोरट्या मालाला ना तपासणी असते, ना दर्जा. २०१९ साली अमेरिकेत ई-सिगारेटमधून भेसळीचा माल ओढून हजारो लोक रुग्णालयात गेले आणि अनेक दगावले. बंदी केली असेल तर ती निष्ठेने राबवा, आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्याला औषध व सल्ला सहज मिळेल अशी सोय करा. नुसत्या कायद्याच्या कागदाने कोणाचे व्यसन सुटलेले आम्ही पाहिले नाही.

आणि तरुणांनो, वस्तू टिकाऊ असावी हा तुमचा आग्रह योग्यच आहे. पण काय टिकवावयाचे, हे आधी ठरवा. पोलादाची नळी तुमच्या पश्चातही शंभर वर्षे टिकेल. गड चढावयास लागते ती छाती मात्र एकदाच मिळते, आणि कोणत्याही दुकानात तिची बदली मिळत नाही!