लक्षद्वीपची सहल आणि बेटांची मर्यादा

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची लक्षद्वीपमधील छायाचित्रे जानेवारी २०२४ मध्ये झळकली, त्यांवर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अश्लाघ्य शेरेबाजी केली आणि पाहता पाहता ‘मालदीव नको, लक्षद्वीपला चला’ असा घोष सुरू झाला. पुढे कटुता निवळली. जुलै २०२५ मध्ये मोदी मालेला जाऊनही आले. परंतु त्या वादामुळे लक्षद्वीपचे नाव मुलाबाळांसह सुटीचे बेत आखणाऱ्या घराघरांत पोहोचले. म्हणूनच ही बेटे किती पाहुण्यांचा भार सोसू शकतील, हे तपासणे अगत्याचे आहे.

कौटुंबिक सहलीला लक्षद्वीप अनुकूल आहे, यात शंका नाही. प्रवाळभित्ती समुद्राच्या लाटा बाहेरच थोपवते. त्यामुळे आतले खारकच्छ उथळ व संथ राहते. पावसाळा वगळता तेथे मुलांना पोहता येते, कयाक वल्हवता येते. काचेच्या तळाच्या होडीतून आजी-आजोबांनाही प्रवाळ आणि रंगीत मासे न्याहाळता येतात. मिनिकॉयला १८८५ मधील दीपगृह आहे आणि गळाने एकेक ट्यूना पकडणारे कसबी कोळीही आहेत.

परंतु या सुखाचा पाया फार नाजूक आहे. ३६ बेटांचे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. वस्ती १० बेटांवर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांवर. येथे नदी नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. उपसा वाढला की विहिरी खारट होतात. कवरत्तीला २००५ पासून समुद्राचे पाणी गोडे करावे लागते, ते याचमुळे. प्रवाळांची अवस्थाही चिंताजनक आहे. १९९८, २०१० आणि २०१६ च्या सागरी उष्म्याने ते पांढरे पडले. २०२४ मध्ये पुन्हा तेच घडले. प्रवाळ खचले तर लाटांना अडसर उरणार नाही आणि ट्यूनासाठी लागणारे आमिषाचे छोटे मासेही दुर्मीळ होतील. म्हणजे सहल आणि स्थानिकांची रोजीरोटी दोन्ही एकाच भिंतीवर उभ्या आहेत.

अशा स्थितीत मालदीवची नक्कल कितपत परवडेल? तेथे बाराशेच्या आसपास बेटे आहेत आणि निर्जन बेटांवर पर्यटन वसवण्यास वाव होता. लक्षद्वीपला ती मुभा नाही. तरीही सुहेली व कदमत येथे पाण्यावरील बंगल्यांसह दोन मोठी विश्रामधामे २०२३ मध्ये जाहीर झाली. त्याऐवजी बेटवासीयांच्या घरगुती निवासांना उत्तेजन, प्रत्येक बेटावरील पाण्यानुसार पर्यटकसंख्येची मर्यादा आणि प्रवेश परवान्याची काटेकोर अंमलबजावणी हा मार्ग अधिक हिताचा आहे. परवाना ही अनेकांना कटकट वाटते; वस्तुतः बेटांचे रक्षण करण्याचे तेच हाताशी असलेले साधन आहे.

पर्यटकांनीही प्रवाळावर पाय न ठेवणे, पाणी जपून वापरणे आणि प्लॅस्टिक परत आणणे हे पथ्य पाळलेच पाहिजे. आज सहलीला गेलेल्या मुलांना उद्या आपल्या मुलांसह तेथे जाता यावे, एवढी काळजी धोरणकर्त्यांनी घेतली तरी पुष्कळ झाले.